ब्रेलचा जुना प्रोग्रॅम

सप्तापूरच्या एका अंधशाळेतले संगणक मी सांभाळते. तिथं ब्रेल पुस्तकांच्या छपाईचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या स्वतः जन्मापासून अंध. त्यांचा प्रोग्रॅम कन्नड आणि मराठी मजकूर ब्रेलमध्ये बदलतो; पण तो फार जुना, आणि लिहिणारे आता कुणाला सापडत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीमही तेवढीच जुनी. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं, तेव्हा मी म्हटलं, "अक्का, सिस्टीम नवी करू या."

"मागं एकानं केली होती. प्रोग्रॅम उघडेचना. परीक्षा तोंडावर, आणि पोरांच्या हातात पुस्तक नाही. माझ्या मशीनला हात लावू नको, तंगी."

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. असा मायेनं दिलेला नकार मोडवत नाही. शिवाय त्यांची भीती खोटी नव्हती. जुना प्रोग्रॅम ज्या साहाय्यक फायलींच्या आधारावर चालतो, त्या नव्या सिस्टीममधून काढून टाकलेल्या असतात. उणकलला माझ्या घरी मी त्या फायली जमवल्या, नव्या सिस्टीमवर चालतील अशा केल्या आणि एका पॅकेजमध्ये घातल्या. जुन्या प्रोग्रॅमला हवं ते मिळावं आणि नव्याला अडथळा होऊ नये, एवढंच त्या पॅकेजचं काम. हे मला चांगलं जमतं.

मग नव्या सिस्टीमचा दुसरा संगणक नेऊन मी अक्कांच्या संगणकाशेजारी ठेवला.

"यावर छापून बघा. नाही पटलं तर परत नेते."

त्यांनी एकच मराठी धडा दोन्ही संगणकांवरून छापला. दोन्ही कागद टेबलावर ठेवून दोन हातांनी वाचायला लागल्या. नव्या संगणकाच्या कागदावर एका ओळीशी बोट थांबलं.

"इथं ‘ळ’चा ‘ल’ झालाय."

मी घाबरले नाही. प्रोग्रॅम चालत होता. फक्त अक्षरांची एक फाइल तो नव्या सिस्टीममधून उचलत होता. जुनी फाइल पॅकेजमध्ये घातली आणि धडा पुन्हा छापला. अक्कांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. मग जुन्या संगणकाचं बटण चाचपलं आणि स्वतःच तो बंद केला.

चहा पिता पिता त्यांनी बेळगावच्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिच्या शाळेतही हाच प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमवर अडकून पडला होता. दोघी बराच वेळ कन्नडमध्ये बोलल्या. नंतर फोनवर हात ठेवून अक्का मला म्हणाल्या, "सोमवारी येशील ना तिकडं? मी पण येते. माझ्याकडून ऐकलं तर त्यांना पटेल."

"येते की," मी म्हटलं.