दाराजवळचं बाकडं

रोज संध्याकाळी फोन का करायचा नाही, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मोठी म्हणाली, "आजी, तुला आमचा कंटाळा आला का?" धाकटा मागून काहीतरी खात खात म्हणाला, "मग ती संध्याकाळी करणार काय?" तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि फोन बंद झाला. म्हणून हे लिहिते आहे. जिथे अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

आजोबा गेले तेव्हा ते आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष होते. कोर्टातून आले की चहा घ्यायचे, वाचनालयात जायचे आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचे. जेवताना तिथल्या बातम्या सांगायचे. चारठाण्याचं कोण वारलं, कुणाची सातवीची मार्कशीट हरवली, कुणी नाव बदललं, सगळं त्यांना ठाऊक. सरकारने काय ठरवलं असं विचारलं तर मात्र म्हणायचे, "बघावं लागेल." मी हसायची. वकील माणूस, रोज वाचनालयात जातो आणि पहिल्या पानावरची बातमी याला माहीत नाही!

मी या गावात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. अर्धं गाव मला 'बाई' म्हणतं. पण वाचनालयाच्या वाचनकक्षात मी कधी बसले नव्हते. आमच्याकडे बायका देवघेवीच्या खिडकीपाशी जातात, पुस्तक घेतात आणि घरी येतात. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे तो पाळतात. मी तर खिडकीपर्यंतही जात नव्हते, माझी पुस्तकं आजोबाच आणायचे. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिले, त्याची रोजची संध्याकाळ मला फक्त ऐकून माहीत होती.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी वाचनालयाचे सचिव घरी आले. माझे विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेले. बरोबर कार्यकारिणीतले आणखी एक जण. चहा झाला. सचिव म्हणाले, "बाई, साहेबांची खुर्ची रिकामी हाय. सगळ्यांचं एकमत झालं. तुमीच अध्यक्ष व्हा."

"मला त्यातलं काय कळतं?"

"कळायचं काय त्याच्यात? तुमी फक्त सही करायची. बाकी आमी बघतो की."

"आन् वर्षातून एकदा नारळ फोडायला यायचं," दुसरे म्हणाले. "नारळ बी आमीच आणू."

दोघेही मनापासून हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. साहेबांचं नाव फलकावर राहावं एवढीच इच्छा. वार्षिक सभा जवळ आली होती, तोवर हो किंवा नाही सांगायचं होतं.

त्याच दिवशी तुमच्या बाबांना विचारलं. तो म्हणाला, "आई, आता कशाला नवी जबाबदारी? तिथे तुझं आहे कोण? इकडे ये ना कायमची." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजोबा गेल्यापासून इथे बोलायला कुणी नाही हे खरंच आहे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. भांड्यांची बाई कानात गाणी घालून काम करते. दिवसभरात माझा स्वतःचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू यायचा तो तुमच्या फोनवर. कधी कधी पहिला शब्द घशातच राहायचा. तुम्ही म्हणायचात, "आजी, आवाज येत नाहीये," आणि बाबा नेटवर्कला दोष द्यायचा. नेटवर्क ठीक होतं.

तेव्हा प्रश्न असा होता: हो म्हटलं तर इथे राहणं आलं. नाही म्हटलं तर इथे राहायला मला काही कारण उरत नव्हतं. आणि नुसत्या सहीचं पद घेऊन इथे राहायचं, तर त्याला कारण म्हणता येणार नव्हतं.

वाचल्याशिवाय मला कोणतीही गोष्ट ठरवता येत नाही. म्हणून मोठी मागच्या खेपेला ठेवून गेली होती तो टॅब काढला, चष्मा पुसला आणि सार्वजनिक वाचनालयाचं नेतृत्व म्हणजे काय, हे शोधायला बसले.

पहिल्या दिवशी मी पूर्ण इंग्रजी वाक्य लिहिलं. मोठ्या अक्षराने सुरुवात, शेवटी प्रश्नचिन्ह, मध्ये 'प्लीज'सुद्धा घातलं. नंतर मोठीचं बोलणं आठवलं, "आजी, ते मशीन आहे, हेडमास्तर नाही. नुसते शब्द टाक." शब्द टाकले. समोर काचेच्या इमारती आल्या. हसऱ्या संचालकांचे फोटो, त्यांच्या हाताखालची माणसं, पाच वर्षांच्या योजना. चांगले वाटणारे लेख उघडायला गेलं की दार लागायचं: आधी सभासद व्हा. टॅबच्या दुनियेतही देवघेवीची खिडकी होतीच.

सगळ्यात वर एक तयार उत्तर येई. नेत्याला दूरदृष्टी हवी, त्याने ऐकून घ्यावं, नवं तंत्र स्वीकारावं, माणसं जोडावीत. माझ्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी दहापैकी पाच दिले असते. चूक काही नव्हती. लिहिणारा कधी वाचनालयात गेला होता की नाही, एवढंच त्यावरून कळत नव्हतं.

मग मराठीत शोधलं. 'वाचनालय नेतृत्व' म्हटल्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. गावाचं खंबीर नेतृत्व, तालुक्याचं दमदार नेतृत्व, काळा चष्मा लावून मोबाइलवर बोलणारं युवा नेतृत्व. एका फोटोत असं एक नेतृत्व अभ्यासिकेची फीत कापत होतं आणि मागच्या कपाटांत एकही पुस्तक नव्हतं. मी एकटीच मोठ्याने हसले. हसून झाल्यावर घर आणखी शांत वाटलं.

शब्दाआधी वजाचं चिन्ह दिलं की तो शब्द असलेली पानं वगळता येतात, हे मला मदतीच्या पानावर सापडलं. मी वाढदिवस वजा केला. मग आमदार वजा केले. मग फीत, मग शुभेच्छा. वजा करता करता पडद्यावर फारसं काही उरलं नाही.

तरी मी सोडलं नाही. दुपारची झोप बंद केली. शब्द बदलून पाहिले, 'लहान गाव' घातलं, 'वाचक' घातलं, इंग्रजी आणि मराठी आलटून पालटून शोधलं. परदेशातल्या काही ग्रंथपालांनी आपल्या कामाबद्दल साधं, बरं लिहिलेलं मिळालं. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. प्रमुखाने आपल्या खोलीत बसून राहू नये, वाचकांमध्ये दिसावं.

ते वाचून मी थांबले. आजोबा कुठे बसत असतील? माझ्या डोळ्यांसमोर कायम खुर्चीच होती. पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, आपल्याकडे साहेबांची असते तशी. मी टॅबला विचारलं, वाचनालयाच्या अध्यक्षाने कुठे बसावं? उत्तर आलं, सभेच्या वेळी टेबलाच्या मुख्य बाजूला.

मग एवढ्या दिवसांत न सुचलेलं केलं. आमच्याच वाचनालयाचं नाव लिहिलं आणि पुढे गावाचं. नकाशा आला. नकाशावर एक लाल खूण, आणि खुणेखाली एकच फोटो. कुणा परक्या माणसाने रस्त्यावरच्या दारातून काढलेला.

आत लांब टेबल होतं. पलीकडे भिंतीशी, जुन्या अध्यक्षांच्या तसबिरींखाली, ती टॉवेलवाली खुर्ची. खुर्ची रिकामी होती. आणि अगदी अलीकडे, दाराजवळच्या बाकड्यावर, पाण्याच्या माठाशेजारी, पाठमोरा एक माणूस वर्तमानपत्रात वाकलेला. तोंड दिसत नव्हतं. शर्टाची कॉलर मागून आत दुमडली गेली होती.

ती कॉलर मी रोज संध्याकाळी दारात सरळ करायची. त्या दिवशी माझ्याकडून राहिली असावी.

बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटी त्यांचे नुसते चौकोन झाले, आणि तरी मी टॅब खाली ठेवला नाही. मग तुमचा फोन वाजला आणि तुमचे चेहरे त्यांच्यावर आले.

सभेला मी निळी इस्त्रीची साडी नेसून गेले. सचिवांनी आजोबांच्या तसबिरीला हार घातला, मग मला त्या खुर्चीकडे नेलं. सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्याही झाल्या. आता बाईंनी दोन शब्द बोलावेत, असं ठरलेलं होतं. मी म्हणाले, "पद घेते. पण नुसती सही करणार नाही. रोज संध्याकाळी इथे येऊन बसेन."

सचिव हळूच म्हणाले, "हापिसात बसा की बाई. पंखा हाय तिथं."

"हॉलमध्ये बसेन. त्या बाकड्यावर."

मागून कुणीतरी म्हणालं, "हितं बायामाणसं बसत न्हाईत, बाई."

"मी बसले म्हणजे बसतात असं होईल."

दोघंतिघं हसले. त्यातल्या एकाने शेजाऱ्याला ढोसून म्हटलं, "आता पाय खाली घेऊन बसावं लागतंय, गड्या." ठराव मंजूर झाला. सगळ्यांना वाटलं, दोन दिवस येईल आणि कंटाळेल. मलाही तशीच भीती होती.

आणि वाचनालयाची वेळ ती तुमच्या फोनची वेळ. तुमची सकाळ आणि आमची संध्याकाळ, त्यात तुमच्याकडे घड्याळं पुढेमागे करतात, तरी जुळते ती हीच वेळ. सभेहून आल्यावर तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही त्या दिवशी बर्फातल्या सहलीबद्दल बोलत होतात. मी ऐकत राहिले, आणि सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन मी वाचनालयात गेले. पायऱ्या चढले, माठाशेजारच्या बाकड्यावर बसले. हॉलमधला आवाज कमी झाला. कुणीतरी पाय खाली घेतले. निवडणुकीवरून वाद घालणारे दोघं उठून बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली गेले आणि तिथे मोठ्याने वाद घालू लागले. माझ्या बाकड्यावरचे एक गृहस्थ खोकले, पिशवी उचलली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. लांबच लांब बाकडं आणि मी. घरी निदान कुणी उठून तरी जात नाही.

देवगाव फाट्यावरून सकाळच्या गाडीने आलेली वर्तमानपत्रं संध्याकाळपर्यंत आमच्याकडे एकसंध राहत नाहीत. पानं सुटी करतात. प्रत्येक जण एक पान घेतो, वाचून झालं की उजवीकडे सरकवतो. पानं टेबलावरून फिरत होती. माझ्याकडे एकही येत नव्हतं. मुद्दाम नसेल, बाकड्याच्या त्या टोकाला द्यायची सवय मोडली असेल.

बराच वेळ असा गेला. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तुमचा फोन यायची वेळ झाली होती.

तेव्हा टेबलापाशी बसलेले एक जण उठले. पूर्वी एसटीत कंडक्टर होते, अजूनही बोलताना समोरच्याला पुढे सरकायला सांगितल्यासारखं बोलतात. एक चुरगळलेलं पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"घ्या, बाई. हे साहेबांचं पान."

"साहेबांचं म्हणजे?"

"मधलं. कुणी घेत न्हाई ते. समद्यांला पैलं पान पायजे, खेळाचं पायजे. साहेब म्हणायचे, राहू द्या, मला हेच बरं." मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "तुमच्यापाशी कधी बोलले न्हाईत?"

"नाही," मी म्हणाले.

ते पुन्हा जागेवर जाऊन बसले. मी पान उलगडलं. निधनवार्ता. जाहीर नोटिसा. हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिराती. पिंगळीच्या कुणी तरी नाव बदललं होतं. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, आणि वाचताना जेवणाच्या ताटावरचा त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. कुणाला सांगावं असं वाटलं. शेजारी कुणी नव्हतं. पान मी उजवीकडे सरकवलं. तिकडे कुणी ते उचललं नाही.

घरी आले तर शेजारची सूनबाई फाटकात उभी होती. "बाई, तुमच्या घरात लय वेळ काहीतरी वाजायलं व्हतं. थांबायचं आन् पुन्यांदा वाजायचं."

आत गेले. टॅबवर तुमचं नाव होतं. तुम्ही तेव्हा शाळेत पोचला असाल. मी जेवण वाढून घेतलं आणि पिंगळीच्या माणसाने नाव बदललं, असं एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. घशात काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मीच तुम्हाला फोन केला आणि संध्याकाळी फोन करू नका म्हणाले. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

अजून बाकडं रिकामंच असतं. मी रोज जाते. वाद घालणारे दोघं परवा पाऊस आला म्हणून आत आले आणि दबक्या आवाजात वाद घालत बसले. देवघेवीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एक बाई काल मान वाकवून आत माझ्याकडे पाहत होत्या. मी बाकड्यावर थोडी सरकून जागा केली. त्या पुस्तक घेऊन गेल्या.

सोमवारी वाचनालय बंद असतं. त्या दिवशी तुमच्या फोनच्या वेळेला मी टॅब समोर घेऊन बसलेली असते.