जाम गावच्या दुकानातला हार घातलेला फोटो

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय.

एम.ए.ला माझा विषय अपंगत्व. सकाळी कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एका आबांची मुलाखत घेतली. तरुणपणी घर सुटलं, तेव्हापासून ते कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतच राहतात. निघताना म्हणाले, "जामले चालली ना? चौकातलं आमचं किराणा दुकान पाहून येजो. पण माह्यं नाव काढू नको."

मी कशाला काढतेय? मुलाखत देणाऱ्याची ओळख सांगायची नाही, हा आमचा पहिला नियम.

दुपारी दुकानात गेले. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, झेंडूचा ताजा हार घातलेला. डोळे आबांचेच. खाली गल्ल्यावर एक म्हातारी बसली होती, कपाळ मोकळं.

"आमचे मालक," ती म्हणाली. "पोरगा लहान होता तवाच वारले. तू काय शिकून राह्यली बाई?"

"कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांचा अभ्यास करते."

तिने मागे पाहिलं. मुलगा पोती रचत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "जेवतेत का बराबर?"

मी नियम पाळला. साबण घेऊन निघून आले.

उद्या आबा विचारतील, काय पाह्यलं? त्यांना हार सांगू, की तिचा प्रश्न?