बाबांचा अंगठा

नातीच्या शाळेत आता मुलींना रोजनिशी लिहायला लावतात. रोज चार ओळी, साध्या, त्याने म्हणे मन मोकळं होतं. नात नवी वही कौतुकाने दाखवायला आली, तेव्हा मी तिला म्हटलं, आधी कुलूप आण. ती हसली. मी काही गंमत करत नव्हते.

मला रोज लिहिण्याचा उपदेश माझ्या वडिलांनी केला होता. साठ साल नुकतंच उलटलं होतं, आम्ही अमरावतीत राहत होतो आणि मी मॅट्रिकला होते. बाबा एका वकिलाकडे कारकून होते. नव्या वर्षाला कापसाच्या जिनिंगवाल्या कुणा अशिलाने वकिलांकडे डायऱ्या पाठवल्या, त्यातली एक त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"रोज चार ओळी लिहत जाय. जास्त नोको, पण खरं लिहजो."

"कोणी वाचलं तं?"

"कोणी हात लावणार नाई. मी बी नाई."

घरात माझं एकटीचं असं काही नव्हतं, फणीसुद्धा आईची आणि माझी एकच होती. त्यामुळे ती डायरी मला फार मोठी वाटली. लिहायचे मात्र थोडंसंच. आज गार वारा. भूगोलाचा नकाशा चुकला. आईचे पाय दुखतात. लिहून झालं की डायरी पेटीत गोधड्यांच्या खाली सरकवायची. ही जागा मी आईलाही सांगितली नव्हती.

परीक्षा संपली आणि एक नवी ओळ आली: मला कॉलेजात जायचं आहे. त्याखाली, बाबांना सांगायचं आहे, धीर होत नाही. पुढे हेच चालू राहिलं. आज सांगितलं नाही. आजही नाही. तांदूळ निवडताना मी मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवायचे आणि बाबा घरी येऊन खुंटीला टोपी अडकवायला लागले की माझी दातखीळ बसायची. ते रागीट नव्हते. मुलीने बापाजवळ स्वतःसाठी काही मागायची आमच्याकडे रीत नव्हती, एवढंच.

मी धीर गोळा करत राहिले आणि मे महिन्यात अकोल्याचे पाहुणे मला पाहायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक काका. त्या काळी मुलीला चालून दाखवायला सांगत, आणि शिकलेली असली तर कागद पुढे करून नाव लिहायला लावत. सकाळी आलूबोंडे तळताना तेल उडून माझं बोट भाजलं होतं, त्याला चिंधी बांधलेली. काका म्हणाले, "पोरीचं अक्षर पाहू द्या." मी बोट दाखवलं. मला वाटलं, सुटले.

"अक्षर पाहाले काय, आत्ता दाखवतो," असं म्हणत बाबा उठले. आतल्या खोलीत गेले. पेटीचं झाकण वाजलं. क्षणात माझी डायरी हातात घेऊन ते बाहेर आले. त्यांना शोधावी लागली नव्हती.

बाबांनी भराभर पानं उलटली आणि जानेवारीतलं एक पान काढून काकांसमोर धरलं. काकांनी मोठ्याने वाचलं, "आज आईसोबत तिळाचे लाडू केले. पाक बिघडला नाही." सगळे हसले. मी मात्र बाबांच्या अंगठ्याकडे पाहत होते. पुढच्या पानांचा गठ्ठा त्यांनी त्या अंगठ्याखाली गच्च दाबून धरला होता. परीक्षेनंतरची पानं होती ती. काका पान उलटायला गेले, तर बाबांनी डायरी अलगद मिटून काखेत धरली.

"पोरगी साधी आहे," मुलाचे वडील म्हणाले. "मनात काई ठेवत नाई."

पसंती तिथेच झाली. पाहुणे गेले आणि मी बाबांपुढे उभी राहिले. इतके दिवस न फुटलेलं तोंड तेव्हा फुटलं.

"तुमी वाचत होते?"

"बाप आहो मी. वाचलं तं काय झालं?"

"मंग कॉलेजचं बी वाचलं असन."

"वाचलं."

"मंग बोलले काऊन नाई?"

बाबांनी खाली पाहिलं. "तू मागितलं असतं तं मले नाई म्हणा लागलं असतं. तू मागितलंच नाई. मले वाटलं, बरं झालं."

मला रडू आलं नाही, संताप आला. आजही येतो. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, उपाशी बसले असते. मी रोज घाबरत होते आणि हा माणूस ते रोज वाचून शांतपणे जेवत होता, मला वाढ म्हणत होता. त्याने मला 'नाही'सुद्धा ऐकू दिलं नाही.

त्या दिवसापासून मी डायरीत एक अक्षर लिहिलं नाही. लग्न होऊन मी अकोल्याला निघाले, तेव्हा बाबांनी माझ्या पेटीत गोधड्यांच्या खाली ती ठेवलेली मला दिसली. मी ती काढून त्यांच्या हातात दिली.

"नेत नाई?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "वाचत तुमीच होते."