चुलीवरचा हात

"चूल लबाड नाही बोलत," असं म्हणत काकाजी चुलीपाशी उकिडवे बसायचे आणि उजव्या हाताचा तळवा चुलीच्या कडेवर टेकवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, अगदी तसा. घरमालक मग केवढाही शेठ असो, दारात उभा राहून मुकाट्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचा.

ते भंडाऱ्याच्या नगरपालिकेत घरटॅक्सचे मोहरीर होते, म्हणजे घरोघर जाऊन आकारणी करणारे कारकून. मी सत्तरच्या दशकात त्यांच्या हाताखाली लागलो. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. खोल्या मोजायच्या, वर कवेलू की स्लॅब ते पाहायचं, हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर टॅक्स बसवायचा. घर किंवा एखादी खोली रिकामी असली तर सूट मिळे. मग काय विचारता! आम्ही गल्लीत शिरलो की निम्मी घरं एकदम रिकामी व्हायची.

एका भांड्यांच्या व्यापाऱ्यानं तर मागचं घर दिवाळीपासून बंद आहे म्हणून शपथ घेतली. काकाजींनी (आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणायचो) तळवा टेकवला आणि हळूच विचारलं, "शेठजी, मांजर पोळ्या करते काय?" शेठलाही हसू आलं. त्यांच्यावर राग धरणं कठीणच होतं. पुढे घरांत गॅस आला तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. शेगडीवर हात ठेवून ते खजील व्हायचे आणि याचा काही भरोसा नाही, असं पुटपुटत उठायचे.

एकदा बिड्या वळणाऱ्या एका बाईच्या घरी भर दुपारी चूल गार लागली. तिनं सूट मागितलीच नव्हती. पोरं भिंतीला टेकून गप्प बसलेली. काकाजी नियमानं आकारणी लिहून उठले. संध्याकाळी त्यांच्या घरून तिच्याकडे तांदूळ गेले, आणि स्वतःच केलेल्या आकारणीवर तिची हरकतही त्यांनीच लिहून दिली. सुनावणीत साहेबांनी विचारलं, ही आकारणी कोणी केली? तर काकाजी म्हणाले, मीच केली, चुकलो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आता नसतील दिसत, ती गोष्ट वेगळी.

आणि अशा माणसाचं घर मोडावं तेही चुलीपायीच.

बायको लवकर गेलेली, एकच मुलगा. त्याचं लग्न झालं, घरात कुरबुर सुरू झाली आणि मुलानं मागच्या खोलीत वेगळी चूल मांडली. कुठल्या घरात होत नाही हे? आपोआप मिटलं असतं. पण त्याच साली गावाची फेरआकारणी निघाली. मोहरीराच्या घराचं माप दुसऱ्या मोहरीरानं घ्यायचं असा आमचा रिवाज. तो बिचारा दोन्ही खोल्या एकच घर धरून चालला होता. काकाजींनी त्याला थांबवलं. "चूल वेगळी, तर नोंद वेगळी. लोकांले एक अन् मले एक, असं कसं चालन?"

झालं. मुलाच्या नावानं टॅक्सची नोटीस निघाली. बापानं आपल्याला कागदोपत्री परकं केलं, असं मुलानं मनाला लावून घेतलं. बायकोला घेऊन तो भिलाईला निघून गेला. काकाजी त्याला आणायला गेले, तर त्यानं दारातूनच परत पाठवलं.

मला काकाजींचा राग येई, आजही येतो. अहो, घर तुमचं, पोरगा तुमचा. एका खोलीकडे कानाडोळा केला असता तर काय नगरपालिका बुडणार होती?

ऑफिसात सगळे सांगायचे, काकाजी, मागची खोली रिकामी पडली आहे, सूट तरी घ्या. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पुढच्या फेरआकारणीला त्यांचं घर माझ्याकडे आलं. खोली रिकामी लावायची हे ठरवूनच मी ऑफिस सुटल्यावर, दिवेलागणीनंतर गेलो. आत खाटेवर धुतलेली चादर, कोपऱ्यात सरपणाचे फाटे. सवयीनं मी चुलीवर हात ठेवला. चूल गरम होती.

"पोरगा आला काय, काकाजी?"

"नाही. मीच पेटवतो. रोज दिवाबत्ती झाली का भात शिजवतो इथं, अन् पुढच्या खोलीत नेऊन जेवतो." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गरम हाय ना? मंग रिकामी नोको लिहू, बापू. एक बार रिकामी लिहिली का मंग तो येईनच नाही."

मी तशी लिहिली नाही. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

मुलाच्या नावाचा टॅक्स ते शेवटपर्यंत भरत राहिले. निवृत्तीनंतर एका धानकापणीच्या दिवसांत गेले. तार केली होती. मुलगा आला नाही.

आला तो कितीतरी महिन्यांनी, आणि थेट आमच्या ऑफिसच्या खिडकीशी. केस विरळ झालेले, हनुवटी बापाचीच. बाबा वारले, घर बंद पडलं आहे, रिकाम्या घराची सूट मिळेल का, असं विचारत होता. तपासणी केल्याशिवाय सूट देता येत नाही. मी त्याच्यासोबत गेलो.

पुढची चूल पाहिली, गार होती. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. चुलीमागची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. चुलीत राख होती, कोपऱ्यात फाटे तसेच रचलेले.

"आम्ही गेलो तेव्हा ही भिंत एवढी काळी नव्हती," तो म्हणाला. "बाबानं खोली भाड्यानं देल्ली होती काय? कोण राहे इथं?"

"तुम्ही," मी म्हणालो.

त्याला कळेना. मग मी त्याला सगळं सांगितलं, रोजच्या भातासकट. ऐकता ऐकता तो चुलीपाशी बापासारखाच उकिडवा बसला आणि त्यानं तळवा तिच्या कडेवर टेकवला. चूल केव्हाच गार झाली होती. तरी त्यानं हात काढला नाही.