सांभाळण्याचं इंग्रजी

केजहून बीडला येताना एसटीत शेजारी एक चाळिशीची बाई बसली होती. पुण्यात एका म्हाताऱ्या जोडप्याकडं राहून त्यांचं सगळं बघायचं, अशा कामाला ती निघाली होती. त्यांच्या सुनेला मराठी येत नव्हती, म्हणून आधी चार वाक्यं इंग्रजीत बोलून दाखवायची होती. मी इंग्रजी शिकवतो हे कळल्यावर तिनं विचारलं, "सर, 'लुक आफ्टर' कुठं वापरायचं?"

"सांभाळण्याला. गोळ्या देणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं त्यात आलं."

"हे तर आईचं मी रोजच करते." बोलताना ती स्वतःचीच बोटं हळूहळू दाबत होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"मग तेच सांगा. आय लुक आफ्टर माय मदर."

तिनं मान फिरवली. "ते नगं. तिला भावजयीवर टाकून चालले मी. खोटं कावून बोलायचं?"

मग ती दुसरं वाक्य घोकत राहिली, "आय लुक आफ्टर ओल्ड पीपल."

मांजरसुंब्याला तिचा फोन वाजला.

"हां माय," ती म्हणाली, "येते की संध्याकाळी. तू वैनीच्या हातनं जेवून घे."

फोन पिशवीत ठेवल्यावर बीड येईपर्यंत तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही.