पाच मिनिटं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे लिफ्टमामाच म्हणत. त्याच्या धंद्यात एक नियम होता: अडकलेल्या माणसाला "पाच मिनिटं" असं कधी म्हणायचं नाही. सहावं मिनिट लागलं की त्याचा विश्वास उडतो आणि तो आतून लाथा घालायला लागतो. त्यापेक्षा दाराशी बसावं, खरं काय ते सांगत राहावं. सत्तावीस वर्षं त्यानं हे पाळलं. नव्या कारागिरांनाही तो पाना धरायला शिकवण्याआधी हे शिकवायचा.

घरी मात्र त्याची अक्कल चपलांबरोबर बाहेरच राहायची. पंधरा वर्षांच्या लेकीनं शाळा सोडली, ताटं भिरकावली, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. नातेवाइकांनी "लाडावून ठेवली" म्हणत हात झटकले. डॉक्टरीणबाईंनी हा आजार आहे असं सांगितलं, तेव्हा त्याला रडूच आलं. दवाखान्यात नेताना तो लेकीला म्हणाला होता, "पाच मिनिटांचं तर काम आहे." तिला अकरा दिवस ठेवून घेतलं. ठेवून घेणार हे त्याला आधीच ठाऊक होतं.

आज पुन्हा दवाखान्याची चारची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची महिन्यानं, आणि गोळ्या उरल्या होत्या चार दिवसांच्या. तीन वाजता लेकीनं खोलीला आतून कडी घातली.

"अहो, कडी तोडू नका," बायको हळूच म्हणाली. "गेल्या खेपेला तोडलीत, तर पोरगी आठवडाभर धड जेवली नाही."

हत्यारांची पिशवी हातात होतीच. ती खाली ठेवून तो दाराशी मांडी घालून बसला.

"मी इथं बसलोय. हातात काही नाही."

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "लिफ्टमधल्या लोकांशी बोलतोस तसं बोलू नकोस, बाबा."

"दुसरं येत नाही गं मला."

"ठेवून घेतील?"

'छे, पाच मिनिटं' हे अगदी जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. तो घाबरला होता.

"माहीत नाही. ठेवलंच तर मी बाहेर बसून राहीन. मागच्या वेळी मला माहीत होतं. खोटं बोललो."

साडेतीन वाजले. बायको घड्याळाकडे बोट दाखवून गेली. तो उठला नाही.

मग कडी निघाली. दार बोटभर उघडलं. लेक परत पलंगावर जाऊन एका पायात बूट चढवत होती. दुसरा सापडत नव्हता.

"पाच मिनिटं थांब," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच लिफ्टमामानं त्या शब्दांवर विश्वास ठेवला.