शेंदूर लागलेलं बीड

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात ज्याच्या हाताची करामत इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यली गेली, असा सांचे भरणारा मी एकटाच. करामत म्हणजे काय, तर माह्या सांच्यातून निघालेला माल चिरून राह्यला होता, अन् काहून चिरते ते कोनाच्याच ध्यानात येत नोतं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री होती. आमची म्हणजे शेठची, आमचा निस्ता घाम. मोटारपंपाच्या बॉड्या ओतत होतो आम्ही, बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. माहं काम वाळूचं. पेटीत लाकडाचा नमुना ठेवायचा, वरून काळी वाळू चाळून टाकायची, ठोकायची, अन् नमुना असा अलगद काढायचा का वाळूले समजलंच नाही पाह्यजे. उरली ती पोकळी म्हणजे सांचा. मंग भट्टीवाले मामा तेच्यात लोखंडाचा रस ओतत. मामा तांड्यावरचे, बंजारा माणूस, माह्याहून वयानं मोठे. भट्टीच्या झळीनं तेच्या भिवया कवाच्याच जळून गेलत्या, म्हणून मामा रागावले का हसून राह्यले, ते तोंड पाहून समजतच नोतं.

आता त्या शेडमंधी सांचे मशीन दाबते. तिथून जातानी मी अजूनबी नाक वर करून पाह्यतो. वाळूत आम्ही काकवी कालवत होतो, तेच्यानं रस पडला का सारी शेड जळक्या गुळावानी वास मारे. बायको म्हणे, "तुमचा सदरा धुवू का चुलीवर चढवू?" आता सदऱ्याले साबणाचा वास येते अन् मले करमत नाही.

तर बॉड्या चिरू लागल्या. गिऱ्हाइकानं पंप चालू केला का मानेजवळून पाणी पाझरे. मामा म्हणत, "तुही वाळू." मी म्हणो, "तुमचा मळ." रसावर दुधाच्या सायीवानी मळ येते, तो नीट काढला नाही तर मालात जाते. आमचं हे भांडण डबा खातानीबी चाले, अन् खाणं एकाच डब्यातलं. शेवटी शेठ कावले. नागपुरात एका कॉलेजात मॅडम होत्या, तेच्यापाशी मोठी मशीन होती. शेठ म्हणाले, "मळ निघाला तर मामाले मी बोलीन. वाळू निघाली तर उद्यापासून तू ग्राइंडरवर."

मामाले काढता येत नोतं, कारण भट्टीपुढं उभं राहाले दुसरं कोणी तयारच नोतं. माहं तसं नोतं. ग्राइंडरवर म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या मालाच्या कडा घासायच्या. अन् मले येत होतं तरी काय? सही येत नाही, हिशोब येत नाही. सांचा येते. तेवढाच होता माह्याजवळ.

चिरलेल्या जागेचा सुपारीएवढा तुकडा तोडून घेतला अन् आम्ही तिघं शेठच्या गाडीत निघालो. तुकडा माह्या मांडीवर. आमच्याकडं भट्टीजवळ मारुती होता, अन् बाहेर जाणाऱ्या मालाले तेच्या शेंदराचा टिळा लावल्याबिगर माल फाटकाबाहेर जात नोता. हा तुकडाबी बाहेरच जाऊन राह्यला होता ना! कळंबले शेठ अन् मामा चिंतामणीच्या दर्शनाले उतरले, तवा मी खिशातली पुडी काढली अन् तेलात कालवलेला शेंदूर लावला. वरून नाही लावला, बरोब्बर चिरलेल्या तोंडात भरला. दुखते तिथंच औषध लावा लागते, असा माहा हिशोब. तेवढ्यात शेठ परत येतानी दिसले. घाईघाईनं सदऱ्याच्या टोकानं पुसून टाकला.

मले वाटलं होतं, मशीनले भिंगं असतील अन् मी एक डोळा मिटून पाहीन. घरून निघतानी सरावबी केलता. तर ते निघालं फ्रीजवानी कपाट अन् बाजूले टीव्ही. डोळा लावाले जागाच नाही. मॅडमनं तुकडा आत ठेवला अन् म्हणाल्या, "आता आतली सगळी हवा काढून घेतो." मी लगेच मान डोलावली. म्हटलं, "बराबर हाय. आम्हीबी सांच्याले सुया टोचून हवा काढतो." शेठनं माह्याकडं असं पाह्यलं का मी स्टुलावरून उठून उभाच राह्यलो.

टीव्हीवर डोंगर दिसू लागले. राखाडी, उघडेबोडके, मधी खोल दरी. ती दरी म्हणजे आमची चीर. दरीत जागोजागी पांढरे ठिपके चमकत होते. मॅडमनं काही बटनं दाबली अन् तेच्या कपाळावर आठ्या आल्या.

"हे शिसं आहे," मॅडम म्हणाल्या. "बीडात शिसं आलं कुठून? भट्टीत टाकलेल्या भंगारात काही होतं का?"

मामाचा चेहरा उतरला. भिवया नसूनबी समजलं. अन् मी? शिसं म्हणजे वाळू नोय, एवढंच माह्या डोस्क्यात शिरलं. मी तं छाती फुगवून उभा.

"या तुकड्याला कुणी काही लावलं नव्हतं ना?" मॅडमनं इचारलं.

"लावलं ना मॅडम!" मी तोऱ्यात म्हटलं. "म्या सोता लावला. शेंदूर!"

"ए याडी!" मामाले तांड्याच्या बोलीतली आई आठवली, अन् कपाळाले हात लावला.

मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या. "काका, या शेंदरातच शिसं असतं हो." शेठ हसले नाही.

तुकडा कसल्याशा पाण्यात टाकून धुतला, वाळवला, पुन्हा आत गेला, पुन्हा हवा काढणं. पांढरे ठिपके गेले. अन् दरीच्या तळाशी एक गोटा बसलेला दिसला. काठ गोल, एका बाजूनं टवका उडालेला, इतका मोठा का मी तेच्या सावलीत डबा खाल्ला असता.

"हा मळाचा कण असेल, नाहीतर वाळूचा," मॅडम म्हणाल्या. "थांबा, तपासून सांगते."

आता खरं सांगतो, मले थांबवलंच नाही. जनम गेला ती वाळू चाळण्यात. मुठीत दाबून पाह्यली, नाकातोंडात गेली, भाकरीत करकरली. पण एक दाणा असा समोरासमोर कवा पाह्यलाच नोता. गर्दीत आपल्या घरचं कोणी दिसावं तसं झालं मले. मी वरडलो, "माहा दाणा! मॅडम, हा मळ नोय, हा माहा दाणा हाय! शेठ, पाहा ना!"

शेठनं पाह्यलं. दाण्याकडं नाही, माह्याकडं. मॅडमच्या मशीननंबी थोड्या टायमानं तेच सांगितलं: वाळू. नमुना काढतानी सांच्याची कड झडली असन, ती फुंकून टाकली नसन, अन् रसासंगं आत गेली. शेठ गाडीकडं जाता जाता म्हणाले, "उद्या ग्राइंडरवर ये."

मी अन् मामा कॉलेजच्या फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेत उभे राह्यलो. एकाच कंपनीत, पण आता एका पेटीवर आम्ही दोघं पुन्हा वाकणार नोतो. तो चहा मले अजून आठवते, लय गोड होता. मी म्हटलं, "मामा, मशीन मात्र लय भारी हाय. कसं बरोब्बर धरलं मले!"

मामानं बशी खाली ठेवली. "मशीननं कायले धरलं तुले? शेठनं लोहाऱ्यातच कपभर चहा पाजून इचारलं असतं, तरी तू समदं बकून टाकलं असतं."